नाईलमार्गे नागपूर

माझं काम क्वालिटीचं आहे. आयर्लंडमधल्या नावन गावाहून रोज सकाळी पाऊण तास गाडी हाकत मी एका मेडिकल डिव्हाइसच्या कारखान्यात जाते आणि दिवसभर दुसऱ्यांच्या कागदांतल्या चुका काढते. कुठे सही राहिली, कुठे तारीख चुकली, हे मला लांबूनच दिसतं. लोक मला थोडे बिचकून असतात आणि खरं सांगायचं तर मला ते आवडतं. अशा बाईने स्वतःच्या आईचा व्हिसा नीट वाचला नव्हता.

आई ऑगस्टच्या शेवटी नागपूरहून आमच्याकडे आली. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली होती. दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ती एकटीच राहायची, आणि उन्हाळ्यात बाथरूममध्ये घसरून पडली. मनगटावर निभावलं, पण शेजारच्या काकूंनी दार वाजवेपर्यंत दोन तास ती तिथेच फरशीवर बसून होती हे कळल्यावर माझी झोप उडाली. हिला आता एकटं ठेवायचं नाही, असं मी ठरवून टाकलं. एका सॉलिसिटरची, म्हणजे वकिलाची, नोव्हेंबरातली वेळ घेऊन ठेवली, आईला कायमचं इथे कसं ठेवता येईल ते विचारायला. तिच्या खोलीत गरम होणारी चादर आणली, बाथरूममध्ये धरायला दांडा बसवला, टीव्हीवर मराठी चॅनल सुरू करून दिले. आईला विचारायचं तेवढं राहून गेलं.

आई तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवायची. दरवर्षी नाईलच्या संस्कृतीचा धडा तिने फळ्यावर नकाशा काढून शिकवलेला. म्हणून ऑक्टोबरच्या सुट्टीत सगळ्यांसाठी इजिप्तची टूर काढली: मी, नवरा, नऊ वर्षांची लेक आणि आई. नाईलमधून चार दिवस क्रूझ, शेवटी कैरो. तिकिटं काढताना आई शेजारीच बसली होती. "बघून घेऊ," एवढंच म्हणाली.

निघायला तीन आठवडे असताना इजिप्तच्या व्हिसासाठी तिचा पासपोर्ट स्कॅन करायला घेतला आणि आयरिश व्हिसावरचा 'सिंगल' हा शब्द दिसला. एकदाच प्रवेश. आयर्लंडबाहेर पाऊल टाकलं की तिला परत आत येता येणार नव्हतं. मी आधी नवऱ्यावर ओरडले, त्याचा काही संबंध नसताना. मग म्हटलं, कॅन्सल करून टाकू.

"कशाला कॅन्सल करून राहिली?" आई पोळ्या लाटता लाटता म्हणाली. "मी कैरोवरून सरळ नागपूरला जाते ना."

टूरनंतर आठवड्याने दिवाळी होती. ती आईबरोबर नावनला करायची म्हणून मी भाजणीसुद्धा मागवून ठेवली होती. लेकीची सुट्टी वाया जाऊ नये म्हणून ही बाई दिवाळीवर पाणी सोडतेय, असं मला वाटलं. हॉट प्रेसमध्ये, म्हणजे गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात, टॉवेल लावायच्या निमित्ताने मी रडून घेतलं.

लक्झरला बोटीवर चढलो तेव्हाही माझं तोंड उतरलेलंच होतं. तिथे बोटी एकीला एक चिकटून लावतात, त्यामुळे काठावर जायचं तर दुसऱ्या तीन बोटींच्या झगमगत्या लॉबींमधून चालत जावं लागतं. आई प्रत्येक लॉबीत थांबून झुंबर बघायची. आमचा गट बहुतेक आयरिश, आणि गाइड एक गंभीर चेहऱ्याचा इजिप्शियन माणूस. पहिल्याच देवळात त्याने विचारलेल्या तीन प्रश्नांची उत्तरं आईने हळू आवाजात, मोजक्या इंग्रजीत दिली. त्यानंतर तो प्रत्येक खांबापाशी थांबून विचारायचा, "करेक्ट, टीचर?" आणि आई विचार करून मान हलवायची.

राजांच्या थडग्यांत ती गुडघे धरत, पण हट्टाने, खाली उतरली. मेलेल्या राजाला पुढे लागेल म्हणून पलंग, खुर्च्या, कपडे, भाकरी, सगळं सोबत ठेवायचे असं गाइड सांगत होता. आई माझ्या कानाशी म्हणाली, "ह्याची पोरगी तुझ्यासारखीच असेल. काहीच विसरली नाही." मी हसले. तेव्हा मला त्यात फक्त थट्टाच दिसली.

एस्नाला बोट थांबली की खालून छोट्या होड्यांतले विक्रेते टेबलक्लॉथ आणि झगे पिशवीत गुंडाळून थेट वरच्या डेकवर फेकतात. आवडलं तर ठेवा, नाही तर परत टाका. आईने अंगावर आलेली पिशवी झेलली, उघडली, कापड उजेडात धरलं आणि कठड्यावरून वाकून शुद्ध नागपुरीत त्या माणसाला सुनावलं, "अरे बाप्पा, रंग जाते ह्याचा!" तो खालून अरबीत काहीतरी बोलला. दोघांचं पाच मिनिटं चाललं आणि सगळा डेक बघत उभा होता. "आजी इज सच क्रॅक," लेक आमच्या मीथ काउंटीच्या आयरिश हेलात म्हणाली. क्रॅक म्हणजे धमाल. मी मात्र दोन महिन्यांत आईचा आवाज इतका मोठा ऐकला नव्हता, आणि ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

गटात आयर्लंडमधल्याच पोर्टलीश गावच्या एक निवृत्त नर्स होत्या. त्या आईशेजारी बसून चहा प्यायच्या. असवानला पोहोचायच्या आदल्या दुपारी त्या मला सहज म्हणाल्या, "तुझी आई ग्रँड आहे. घरी जायचं म्हणून किती खुशीत आहे बिचारी. व्हिसा एकदाचाच आहे हे तुम्ही बुकिंग केलंत तेव्हाच तिला माहीत होतं म्हणे."

मी तशीच वर गेले. आई डेकवर खुर्चीत बसून काठावरची खजुराची झाडं बघत होती.

"तू वाचलं होतंस?"

"पासपोर्ट माझा आहे. मी नाही तर कोण वाचेल?"

"मग तिकिटं काढताना का नाही बोललीस?"

"बोलली असती तर तू दुसरं काही ठरवलं असतं."

मी चिडले. पुन्हा पडलीस म्हणजे, असं मोठ्याने विचारलं. शेजारच्या खुर्च्यांवरचे लोक वळून बघायला लागले.

"पडीन," आई शांतपणे म्हणाली. "हाड मोडेल. तुझ्याकडे नाही का मोडणार? तू सकाळी जाते, संध्याकाळी येते. मी दिवसभर खिडकीतून तुझ्या गाडीची वाट पाहत बसते. खालच्या मजल्यावरच्या पोरीला दहावीचा इतिहास शिकवून राहिली होती मी, तो अर्धा टाकून आली. तुझ्याकडे भेटायला येईन ना, दरवर्षी येईन. राहायला नको म्हणू."

मला वाईट वाटलं ते ती जातेय याचं नाही. हे सांगायला तिला परक्या बाईला मोडक्या इंग्रजीत गाठावं लागलं, याचं वाटलं. घरात ती बोलली असती, पण मी थांबले कधी होते? रात्री जेवण झाल्यावर टेबलाशीच बसून सॉलिसिटरची वेळ रद्द केली आणि फोन तिला दाखवला. तिने चष्मा लावून नीट वाचलं. मग म्हणाली, "तिकडच्या बाथरूममध्ये दांडा बसवून घेते. रात्री सोबतीला बाई ठेवते. तेवढं तुझं ऐकलं."

भीती गेलेली नाही. आजही सकाळी तिने फोन उचलायला उशीर केला की मी शेजारच्या काकूंचा नंबर लावते.

कैरोच्या विमानतळावर तिचं विमान आधी होतं. काउंटरवरच्या मुलीने पासपोर्ट उलटसुलट बघितला आणि इंग्रजीत विचारलं, कुठे निघालात, घर कुठे आहे तुमचं? मी सवयीने पुढे सरकले आणि सांगायला लागले की ती आमच्याकडे आयर्लंडला असते, म्हणजे सध्या... आईने माझ्या दंडावर हात ठेवून मला बाजूला केलं.

"नागपूर," ती म्हणाली. "माय होम."

मुलीने बोर्डिंग पास तिच्या हातात दिला. मी तोंड मिटून शेजारी उभी राहिले.