नरसय्या साहेबांचं दस्तखत

नरसय्या साहेब कुणाच्याही अंगणात आले की आधी चपला काढायचे. नकाशाची गुंडाळी काखेत तशीच ठेवून त्या मोकळ्या जागेवर अनवाणी एक फेरी मारायचे आणि मग मोडक्या मराठीत विचारायचे, "घरात सगळ्यात म्हातारा बाई कोण हाय?" घरधनी गोंधळायचा. इंजिनिअर आलाय, सिमेंट विचारेल, सळई मोजेल. याला म्हातारी कशाला हवी? पण साहेब हटायचे नाहीत. म्हातारी येईपर्यंत विटांच्या ढिगावर बसून राहायचे. ती आली की उठून उभे राहायचे आणि एकच प्रश्न करायचे, "आजी, पेव कुठं होता?"

तेलुगू राज्यात असूनही मराठी बोलणाऱ्या आमच्या भीमपूरच्या पट्ट्यात आता जिकडे बघावं तिकडे कापूस नाहीतर सोयाबीन. पण आमच्या आज्यांच्या काळात ज्वारीच ज्वारी होती, आणि ती ठेवायची जमिनीखाली, पेवात. वरून एक माणूस उतरेल एवढंच तोंड, आत रांजणासारखं पोट, दोन पुरुष खोल. पुढे ज्वारी कमी झाली, पेवं राहिली. कुणी त्यात राख टाकली, कुणी केरकचरा, वरून माती ओढली आणि सगळे विसरून गेले. अशा बुजवलेल्या पेवावर घराचा खांब आला तर पहिल्या पावसाळ्यात काही कळत नाही. मग पाणी मुरत जातं, आतलं भुसभुशीत खाली बसतं आणि त्याच्यामागे खांबही बसतो. हे नकाशात दिसत नाही, ऑफिसच्या रेकॉर्डात सापडत नाही. गावातल्या एखाद्या म्हातारीला तेवढं ठाऊक असतं. हे करीमनगरकडच्या एका तेलुगू माणसाला सुचलं, आम्हाला नाही.

साहेब आमच्या मंडळात, म्हणजे तालुक्यासारखंच ते, घरांच्या परवानग्या आणि तपासण्या बघायला आले, तेव्हा त्यांना मराठीचा गंध नव्हता. मी मराठी शाळेतला मास्तर, तेलुगू चांगलं येणारा. शाळेच्या कंपाउंडाची भिंत बघायला आले असताना ते गवंड्याशी हातवारे करून भांडत होते. गवंडी हसत होता. मी मधे पडलो, दोघांचं दोघांना सांगितलं, आणि साहेबांनी माझा हातच धरला. त्यानंतर शाळा सुटायच्या वेळी त्यांची स्कूटर फाटकाशी येऊन थांबायची. "चला गुरुजी, मुआयना आहे." तपासणीला आमच्याकडे निजामाच्या काळापासून मुआयनाच म्हणतात. सहा वर्षं मी त्यांच्या मागे बसून गावोगाव फिरलो. माझ्याशी ते तेलुगूत बोलायचे, पण लोकांसमोर मुद्दाम मराठीत म्हणायचे, "गुरुजी माझा कान हाय." खरं सांगतो, मला फार मोठं झाल्यासारखं वाटायचं.

त्यांचे नियम ठरलेले. पायाचे खड्डे उघडे असताना एकदा, सळई बांधून झाल्यावर एकदा, स्लॅब टाकायच्या आधी एकदा. "झाकायच्या आधी बघायचं. काँक्रीट पडल्यावर देव आला तरी आत काय आहे ते त्याला दिसत नाही." दस्तखत होईपर्यंत चहाला हात लावायचा नाही. दस्तखत झालं तर दोन कप प्यायचे, वर आणखी साखर मागायचे. नाही झालं तर घरच्या बाईनं ओतलेला चहा तसाच निवायचा आणि हे स्कूटरला किक मारून मोकळे. लोक चिडायचे, चिडोत बापडे.

एकदा एक शेतकरी भडकला. "जागा माही, पैसा माहा, घर माहं. तुमची पर्मिशन काऊन पाहिजे मले?" मी ते तेलुगूत सांगितलं, आवाज जरा खाली आणून. साहेबांनी बाजूच्या बाजेवर झोपलेलं तान्हं पोर बघितलं. "हे कोण?" "नातू." "वरच्या खोलीत कोण झोपणार?" "हाच, अजून कोण!" "मग त्याला विचारलं का, की बाबा, सळई कमी टाकू का म्हणून?" शेतकरी आधी हसला, मग त्याचं हसू जिरलं. दुसऱ्या आठवड्यात त्यानं सगळी सळई सोडून नव्यानं बांधली. साहेबांनी तिथे तीन कप चहा घेतला.

आता माझ्या घराचं सांगतो. सांगायला जीभ उचलत नाही, पण सांगतो.

मी जी जागा घेतली ती गावातल्या पाटलांच्या जुन्या अंगणाचा तुकडा. माझी माय त्याच अंगणात मजुरी करायची. पाटलांच्या पोरांनी शहरात जाताना जागा विकली आणि मी घेतली. आमच्या लोकांतलं पहिलं दोन मजली घर, तेही गावाच्या मधोमध! माय असती तर रडली असती. मी भीमजयंतीला गृहप्रवेश ठरवून टाकला आणि साऱ्या पंचक्रोशीला सांगत सुटलो. विहारात सांगितलं, शाळेत सांगितलं, कापसाच्या गाडीवाल्यालासुद्धा सांगितलं.

पायाचे खड्डे खोदताना बाकी सगळीकडे मुरूम लागला, पण मागच्या कोपऱ्यात मिस्त्री थांबला. "गुरुजी, इथं खाली राख लागून राह्यली." मला तिथल्या तिथे कळलं. माय शंभरदा सांगायची, पाटलाचं पेव उघडलं की आतली वाफ निघून जाईपर्यंत कसं थांबावं लागायचं, मग बायका एकेक करून कशा उतरायच्या. ते पेव हेच. ते तळापर्यंत उपसायचं, दगडमुरमानं थराथरानं भरायचं, म्हणजे महिना तरी गेला असता. जयंती हुकली असती. लोक काय म्हणतील? मी दोन ट्रॉली मुरूम मागवला, त्या खड्ड्यात पसरला, धुमसून घेतला. मिस्त्रीला म्हटलं, तू तोंड बंद ठेव. काय ती माझी अक्कल! ज्या माणसाबरोबर सहा वर्षं हेच शिकत फिरलो, त्यालाच फसवायला निघालो.

मुआयन्याच्या दिवशी माझी भाऊबंद मंडळी झाडून जमली होती. साहेबांनी चपला काढल्या, फेरी मारली, आणि माझ्याकडे बघून हसत म्हणाले, "म्हातारा बाई?" मी म्हटलं, माझी माय तर गेली. तेवढ्यात शेजारची यमुनामाय काठी टेकत स्वतःच आली. ती मायच्या बरोबरीची, दोघींनी एकाच अंगणात जन्म घालवला. साहेब तिच्यापुढे उभे राहिले. प्रश्न तोच.

"व्हतं ना पेव!" यमुनामायनं काठीनं थेट मागचा कोपरा दाखवला. "थो कोपरा. ह्याची माय अन् मी उतरत व्हतो ज्वारी काढाले. लय मोठं व्हतं."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी तेलुगूत म्हणालो, "पेव होतं म्हणते, पण पलीकडे, भिंतीच्या त्या बाजूला. कधीच बुजलं."

यमुनामायला तेलुगू येत नाही, जमलेल्यांतही कुणाला येत नव्हतं. आपलंच सांगतोय असं समजून तिनं मान डोलावली. ती डोलावलेली मान मला आजही झोपू देत नाही.

साहेब थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. ऊन डोळ्यांवर येत असेल असं मला वाटलं. मग त्यांनी कागद मांडीवर घेतला आणि दस्तखत केलं. बायको चहा घेऊन आली तर म्हणाले, "आज नको, बाई," आणि चपला घालून निघून गेले. घाई असेल, मी म्हटलं. माणसाला स्वतःची समजूत घालायची असली की कारणं काय, पायलीला पन्नास मिळतात.

जयंतीला गृहप्रवेश झाला. भंतेजींनी पंचशील दिलं. चौथ्या शीलाला, खोटं न बोलण्याच्या, माझा आवाज निघेना. मी खोकल्याचं निमित्त केलं.

दुसऱ्या पावसाळ्यात मागच्या कोपऱ्यात भेग पडली. मी ती सिमेंटनं भरली आणि वर कॅलेंडर लावलं. तिसऱ्या पावसाळ्यात चार दिवसांची झड लागली आणि भरदुपारी तो कोपरा खचला. मागची भिंत यमुनामायच्या पडवीवर गेली. ती तिथे बसून डाळ निवडत होती. जीव वाचला, पण उजवा पाय गुडघ्याखाली चिरडला. तेव्हापासून ती बाजेवरच आहे.

गुरुजीनं साहेबाच्या दस्तखतावरच बांधलं असं धरून तिच्या मुलानं साहेबांवर तक्रार केली, आणि का करू नये? ग्रामपंचायतीत चौकशी बसली. चौकशीचे अधिकारी तेलुगू. म्हातारीला बाजेसकट उचलून आणलं. अधिकारी म्हणाले, "इथे दोन्ही भाषा कुणाला येतात?" सगळ्यांनी माझ्याकडे बोट केलं.

यमुनामाय नरसय्या साहेबांकडे बघून ओरडली, "म्या सांगतलं व्हतं ह्या मानसाले! पेव हाय मनून सांगतलं, काठीनं दाखोलं. ऐकलंच नाई मेल्यानं!"

मी त्याचं तेलुगू केलं. शब्दन् शब्द बरोबर. त्या दिवशी मी काडीचीही गफलत केली नाही.

अधिकाऱ्यांनी साहेबांना विचारलं, ही खरं बोलते का? मला वाटलं, संपलं. आता ते माझ्याकडे हात करणार, आणि केला तर बरंच होईल, एकदाचं सुटेन. साहेब उठून उभे राहिले. म्हणाले, "हो. त्यांनी सांगितलं होतं. मी ऐकलं होतं. दस्तखत माझं आहे."

बस, एवढंच. मी तिथेच उभा होतो, दोन हातांवर. तोंड उघडायला किती वेळ लागतो? पण नोकरी आठवली, विहार समितीचं अध्यक्षपद आठवलं, पोलीस आठवले. मी भ्यालो. दुसरं काही कारण नाही. साहेब रिटायर व्हायला थोडेच महिने उरले होते, आणि त्यांना निलंबित केलं. निरोप नाही, हार नाही, शाल नाही.

ते गाव सोडून निघाले त्या सकाळी मी त्यांच्या खोलीवर गेलो. ते भांडी पोत्यात भरत होते. मी म्हटलं, "साहेब, माझ्यासाठी तुम्ही खोटं बोललात."

"नाही हो," ते तेलुगूत म्हणाले, अगदी रोजच्यासारखे. "मला खरंच कळलं होतं. सहा वर्षं तुमच्या शेजारी उभा राहिलो, गुरुजी. पेव कळतं, कोपरा कळतो, काठी कुठं दाखवली तेही दिसतं."

"मग दस्तखत का केलंत?"

ते पोत्याची दोरी आवळत राहिले. "तुमची सगळी माणसं उभी होती. तुमच्या आईचं तुम्ही मला किती सांगितलं होतं. त्या लोकांसमोर तुम्हाला खोटं पाडायला माझी जीभ वळली नाही. जमीन बघून दस्तखत करायचं असतं. मी तुमचं तोंड बघून केलं. ती चूक माझी. तिची शिक्षा झाली, बरं झालं." मग दोरीला गाठ मारून म्हणाले, "तुमची चूक वेगळी आहे. तिचं काय करायचं ते तुम्ही बघा."

मी त्यांचं पोतं बसपर्यंत नेलं. त्यांनी नको म्हटलं नाही.

मी काय बघितलं? काहीच नाही. पडलेला कोपरा तळापासून उपसून, रीतसर तपासणी करून परत बांधला. यमुनामायच्या दवाखान्याचं केलं. लोक म्हणाले, गुरुजी किती चांगला माणूस! आणि आल्या-गेल्याला यमुनामाय बाजेवरून सांगत राहिली, की एक तेलुगू साहेब होता, त्याला म्हाताऱ्या माणसाचं ऐकायचं नव्हतं, त्याच्यापायी माझा पाय गेला. अनवाणी फिरून म्हाताऱ्या शोधणारा तो माणूस, आणि त्याच्या नावानं हे! मी ते ऐकत बसायचो. एकदोनदा तर मानही हलवली. लाज वाटते.

मागच्या महिन्यात मंडळ ऑफिसातून कळलं, नरसय्या साहेब गेले. चावडीवर मी बातमी सांगितली तर एकजण म्हणाला, "थोच ना, ज्यानं बुढीचं ऐकलं नाई?" मी उठलो आणि थेट यमुनामायकडे गेलो. बाजेजवळ खाली बसलो आणि सगळं सांगितलं. ती काय म्हणाली होती, मी तेलुगूत काय सांगितलं, साहेबांना काय कळलं होतं, चौकशीत मी कसा गप्प राहिलो. काही ठेवलं नाही.

ती रागावेल, काठी फेकेल, पोराला हाक मारेल असं वाटलं होतं. तिनं तसं काही केलं नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"म्या त्या मानसाले किती शिव्या देल्या रे, बापू," ती म्हणाली. "दररोज देल्या."

मग तिनं माझ्याकडे बघितलं, मी लहान असताना बघायची तसं.

"तू तं पोराईले शिकवतं ना रे?"

"शिकवतो," मी म्हणालो.