डोळे दिसणारा कॅमेरा

नव्वदच्या दशकात हमरापूरचा आमचा गणपतींचा कारखाना माझ्या मोठ्या जाऊबाई चालवत. मूर्तींचे डोळे आखणं फक्त त्यांच्याकडे. आखायला बसल्या की कुणी हाक मारलेली त्यांना खपत नसे, आणि एका वर्षी नेमक्या तेव्हाच बाहेरच्या मांडवातून तयार मूर्ती चोरीला गेल्या. म्हणून त्यांनी कॅमेरा घ्यायचं ठरवलं.

रोह्याच्या कंपन्यांमध्ये कॅमेरे बसवणारा एक माणूस दोन नमुने घेऊन आला. जाऊबाईंनी दोन्ही आलटून पालटून मांडवाच्या खांबाला बांधायला लावले आणि स्वतः आत टीव्हीसमोर बसल्या. महागड्यात पार हायवेपर्यंत दिसत होतं, पण उन्हामुळे मूर्तींचे चेहरे पांढरेफटक. दुसऱ्यात मांडवापुरतंच दिसे, पण डोळा न् डोळा स्पष्ट.

"बाई, महागडा लांबचं बघतो," तो म्हणाला.

"रस्ता सरकारचा हाय. गणपती माझे हायेत. दुसरा लाव."

मी त्यांच्या जागी असते तर महागड्यालाच भुलले असते.

दुसऱ्या दिवशी दुपारी टीव्हीकडे बघता बघता त्या ताडकन उठल्या. चोर आला समजून मी काठी घेऊन मागे धावले. मांडवात कुणीच नव्हतं. तयार मूर्तींच्या रांगेतून त्यांनी एक गणपती उचलला. त्याचे डोळे आखायचेच राहिले होते.

मला वाटलं, आता भडकतील. त्यांनी मूर्ती लेकरासारखी कडेवर घेतली आणि म्हणाल्या, "कॅमेरा चांगला हाय गो. पहिलाच चोर घावला. बाप्पाचे डोळे मीच चोरले व्हते."