सड्यावरची लाल चांदणी

रत्नागिरीजवळ एका खाडीच्या तोंडाशी खारव्यांची वाडी होती आणि त्या वाडीचा एक नेम होता. ज्या घरचा माणूस दर्यावर, त्या घरच्या बाईने तिन्हीसांजेला दारातल्या खांबावर कंदील चढवायचा. दीपगृह मोठ्या जहाजांसाठी; मचव्याला खाडीत शिरायचं तर घरचाच दिवा हवा, असं म्हातारे सांगत. अमावास्येला मात्र सगळा किनारा काळाकुट्ट. त्या दिवशी खारवी दर्यावर नसतो, मग दिवा लावायचा कुणासाठी?

आवडाबाईचा दिवा दुरून ओळखू यायचा. नवरा गेल्यावर एकुलता एक मोरू मुंबईला जाणाऱ्या मचव्यावर जाऊ लागला, तेव्हा तिने कंदिलाभोवती कामट्या बांधून त्यांवर लाल मलमल ताणली. बाकीचे दिवे पिवळे, हिचा लाल. लाल दिव्याच्या रोखाने आलं की पाण्यात दडलेली खडकांची खडपं बाजूला राहून मचवा थेट खोल पाण्यातून आत यायचा. मोरूला हे झोपेतसुद्धा ठाऊक होतं.

बाई कसबी होती, कष्टाळू होती, पण कुणी ‘वा, काय हात आहे!’ म्हटलं की लोण्यासारखी विरघळायची. वाडीच्या डोक्यावर, कातळाचा उघडा सडा जिथे तुटून खडपांवर समुद्रात उतरतो तिथे, एका गोऱ्या साहेबाचा बंगला होता. आवडाबाई तिथे मासळी द्यायची. मडमेने एकदा तिला जाळं सांधताना पाहिलं आणि हातात सुई न् जाळीदार कापड दिलं. दोन तिरके टाके एकमेकांवर घातले की झाली फुली. फुलीला फुली जोडत गेलं की झालं नाताळचं झाड, झाली घंटा. जिचा जन्म जाळ्याची भोकं मोजण्यात गेला तिला ते काय जड! दोन वर्षांत गुरूपेक्षा शिष्या सवाई झाली, आणि नाताळच्या मेजावरचा रुमाल आवडाबाईनेच भरायचा असं ठरून गेलं. बिस्किटंही तीच भाजायची. रेती घातलेल्या तांब्याच्या पातेल्यात ताटली ठेवायची, वर झाकण, खाली आणि झाकणावर करवंट्यांचे निखारे.

एकोणीसशे पस्तीस साली नाताळ नेमका मार्गशीर्षातल्या अमावास्येवर आला.

“अवसेला लोकाच्या घरात राबू नको, आत्ये,” सून कमळा म्हणाली. ती सहसा तोंड उघडायची नाही. “माझं मन नाय घेत.”

“खुळी काय गो तू? मडमेची पावणी येणार, त्यांनी बिस्किटं कुणाच्या हातची खायची?”

“नि ह्यांचा मचवा?”

“मोरू अवसेला जयगडात थांबल. उद्या येईल.”

बोलली खरी, पण पंधरा दिवसांपूर्वी एका खलाशाबरोबर तिनेच मुंबईला निरोप धाडला होता. ‘नाताळाला घरी ये, बिस्किटं ताजी खायला मिळतील.’ तो निरोप त्या क्षणी तिला आठवला नाही.

मडमेला बंगल्याच्या टोकाला कंदिलाची चांदणी टांगायची होती, पांढऱ्या कापडाची. आवडाबाईने नाक मुरडलं. पांढरी कुणाच्या डोळ्यात भरणार? घरी येऊन तिने आपल्या दिव्याची लाल मलमल सोडली, चांदणीच्या कामट्यांवर ताणली आणि कडेने पांढऱ्या फुल्या घातल्या. एका संध्याकाळपुरती तर गोष्ट!

त्या दिवशी काही सरळ होईना. पहिला घाणा वरून कच्चा, खालून कोळसा. बोट भाजलं. दुपारपासून वारा पडला, माडाची झावळीही हलेना, आणि जन्मभर कानात असलेला समुद्र गप्प झाला. पण पाहुण्यांनी रुमालावर हात फिरवून मान डोलावली आणि ती सगळं विसरली.

अंधार पडता पडता चांदणी पेटली. आत पाहुणे गाऊ लागले. तेवढ्यात कमळा धापा टाकत सडा चढून आली.

“आत्ये, खडपाभायेर मचव्याचा कंदील हाय. आपलाच वाटतो. नि तो हिकडं येतो हाय.”

आवडाबाईने समुद्राकडे पाहिलं, मग वर चांदणीकडे, आणि तिच्या हातातली बिस्किटांची ताटली खाली पडली. सगळा किनारा काळा, त्यात एकच लाल दिवा, तोही खडपांच्या नेमका वर. पोटच्या पोराला तिने आपल्या हाताने मृत्यूच्या दारात बोलावलं होतं.

फुंकून टाकावी? मग त्याला दिवाच उरणार नाही. तिने पेटती चांदणी काढली, डोक्यावर धरली आणि पाऊलवाटेने खाली धावत सुटली. मडम मागून हाका मारत राहिली. ठेचा लागल्या, काट्यांत लुगडं फाटलं, पण हात खाली आला नाही. आपल्या दारातल्या खांबावर तिने चांदणी टांगली आणि वळून पाहिलं.

मचव्याचा कंदील होता तिथेच थांबला होता. बघता बघता तो विझला.

कमळाही मागोमाग येऊन पोचली. दोघी सासू-सुना रात्रभर दारात होत्या.

उजाडताना धुक्यातून मचवा आला. मोरू अंगणाबाहेरच उभा राहिला, चेहरा पांढराफटक.

“आये, कमळे, घरातनं भायेर या. अवसेच्या रात्री येताळाची मशाल सड्यावरनं उतरली नि आपल्या दारात शिरली. डोळ्यांनी बघितली मी.”

“वारा पडला, म्हणून उशीर झाला,” तो सांगू लागला. “तुझी बिस्किटं चुकायला नको म्हणून जयगडात थांबलो नाय. लाल दिवा दिसला, वाटलं तू माझ्यासाठीच लावलास, मचवा वल्हवत त्याच्या रोखानं वळवला. मचव्यावरचा धाकू बोलला, घर आलं. नि दिवा चालाय लागला! चालणारा दिवा माणसाचा नसतो. तिथंच नांगर टाकला, आमचा कंदील फुंकला नि तोंड झाकून पडलो.”

आई गप्प राहिली असती तर मोरूला कळलं नसतं.

“मशाल नव्हती ती,” आवडाबाई म्हणाली. “मी होते.”

तिने सगळं सांगितलं. मोरूने खांबावरच्या चांदणीकडे पाहिलं, मग बंगल्याखालच्या खडपांकडे. ओहोटीला ती सगळी उघडी पडली होती.

“नि मी भ्यालो नसतो तर?” त्याने विचारलं.

आवडाबाईने तोंडात पदर कोंबला.

पुढे ती जगली तोवर तिच्या दारातला लाल दिवा एक संध्याकाळ चुकला नाही. अवस असो, पाऊस असो, मोरू घरात असो. ‘आवडाबाय, पोर तर पडवीत घोरतो हाय, दिवा कुणाला गो?’ म्हणून वाडी हसायची. मोरू कधी हसला नाही. तेल संपत आलं की तोच उठून भरायचा.