आहेरात गेलेली निजामाची नोट

मी जुन्या नोटा जमवतो. आमच्या घरात याला छंद म्हणत नाहीत, पसारा म्हणतात. त्यात मला वेड हैदराबाद संस्थानाच्या नोटांचं. वाशीमपासून हिंगोली किती जवळ, पण तेव्हा इकडे वऱ्हाडात इंग्रजांचा रुपया होता आणि तिकडे निजामाचा. आमच्या गल्लीच्या तोंडाशी बांगड्यांचं दुकान आहे. तिथल्या चाचांचं आजोळ हिंगोलीकडचं, आणि आजोळच्या ट्रंकेत निजामाची दहाची नोट निघाली, हे मला कळलं. मी इतक्या चकरा मारल्या की बायको विचारायला लागली, बांगड्या कुणासाठी. शेवटी चाचांनी नोट दिली. पैसे घेतले नाहीत. "संभालके ठेवजा, नानाची निशानी हाये," एवढंच म्हणाले.

अशा नोटांसाठी पारदर्शक पाकिटं मिळतात, ती मी पोस्टाने मागवतो; लॅमिनेशन केलं की नोट कायमची वाया जाते. ती येईपर्यंत नोटेला घडी पडू नये म्हणून मी ती लग्नाच्या एका कोऱ्या पाकिटात घालून कपाटात ठेवली. इथेच घात झाला. लग्नसराई लागली की आमची बायको आहेराची पाकिटं एकदम भरून, रबर लावून थप्पी करून ठेवते. ज्या लग्नाला जायचं त्या दिवशी वरचं उचलायचं. कपाट आवरताना तिला माझं पाकीट सुटं दिसलं आणि तिने ते थप्पीत, तेही सगळ्यात वर लावून टाकलं.

उघडून बघायला काय झालं होतं, ते मला आजतागायत कळलेलं नाही. तिचं म्हणणं, वर रुपया चिकटवलेला होता म्हणजे आत भरलेलंच असणार. रुपया सगळ्याच पाकिटांवर चिकटवलेला असतो, अगदी दुकानातून आणल्यापासून, हे तिला कोण सांगणार. मीच सांगितलं. तर म्हणे, मग तुम्ही दुसरीकडे ठेवायचं होतं.

ते पाकीट मी किन्हीराजाला, बहिणीच्या दारच्या मांडवात, स्टेजवर चढून, फोटोग्राफरकडे बघून हसत, माझ्या सख्ख्या भाचीच्या हातात दिलं.

चार दिवसांनी पारदर्शक पाकिटं आली. मी कपाट पालथं घातलं, गादीखाली बघितलं, बायकोवर ओरडलो. तेवढ्यात बहिणीचा फोन आला. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "दादा, सख्ख्या भाचीले बंद झालेली नोट देल्ली काहून? सासरचे हसून राह्यले."

नोटबंदीनंतर लोकांनी नको झालेल्या नोटा दानपेटीत टाकल्या होत्या, तसं मी भाचीच्या आहेरात टाकलं, असा तिने अर्थ लावला. समजावायला गेलो तर फोन ठेवून दिला.

भाची शेलूबाजारला दिलेली. मी पाचशे एक रुपये नव्या पाकिटात घातले, खिशात पारदर्शक पाकीट घेतलं आणि निघालो. रस्ताभर डोक्याचा भुगा झाला. नोट मोलाची आहे म्हणावं, तर दिलेली मोलाची वस्तू मामा परत मागायला आला. कुचकामाची आहे म्हणावं, तर मामाने खरोखरच रद्दी खपवली. खरं सांगावं, तर आपली बायको आहेर न बघता देते, हे भाचीच्या सासरी जाऊन सांगायचं. आणि चाचांना काय तोंड दाखवायचं? बायको घरून निघताना म्हणाली होती, "त्यात काय एवढं, बदलून आना." जणू ब्लाउजपीस बदलून आणायचा होता.

भाचीची सासू समोर बसलेली. चहा झाला. मी नोटेचा विषय काढला, तशी भाची आत जाऊन आपला लग्नाचा शालू घेऊन आली. त्याच्या घडीत नोट होती. मी आधी नोट उलटसुलट बघितली. घडी नाही, चिकटपट्टी नाही, हळदीकुंकवाचा डाग नाही. माझा जीव भांड्यात पडला. पाचशे एकच्या पाकिटासाठी मी खिशात हात घातला.

"मामा, सगळ्यायचा आहेर सरला," ती म्हणाली. "फ्रिज घेतला, त्यात गेला. तुमची एवढी एकच राह्यली. कोनी घेतच नाही तिले, मंग ठेवली मी. मायेरचं तेवढंच हाये माह्यापाशी."

सासू चहाचे कप गोळा करायला लागली. माझ्या संग्रहात ती नोट बसली असती, तर तिच्याकडे माझ्याशिवाय कुणी बघितलं नसतं, हेही तेव्हाच डोक्यात यायचं होतं. संताप आला तो सगळ्यांचा आला, थप्पीचा, रुपयाचा, त्या फ्रिजचा.

मी खिशातलं पारदर्शक पाकीट काढलं, नोट त्यात सरकवली आणि तिच्या हातात दिली. पाचशे एकही दिले. "शालू उन्हात टाकशील तेव्हा ही आधी काढून ठेव," मी म्हणालो. "आणि लॅमिनेशन केलंस, तर मी पुन्हा तुझ्या दारात पाय ठेवणार नाही."