तिने माझ्याबरोबर भाकरी सोडली

"एचबीए१सी साडेनऊ," डॉक्टर म्हणाले आणि रिपोर्ट माझ्याकडे फिरवून ठेवला. ही रक्ताची तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगते. माझा आकडा साडेसहाच्या आत असायला हवा होता.

सदाशिव पेठेतला पहिल्या मजल्यावरचा दवाखाना, बाहेर बाकावर सात-आठ माणसं. मी म्हणालो, "पण मी चहात अर्धाच चमचा साखर घेतो."

"अर्धा तरी कशाला? रक्तात भरपूर आहे, तीच पुरवा." त्यांनी गोळ्या लिहिल्या. भात, पोळी, बटाटा, गोड हे हळूहळू कमी करा, एकदम काही तोडू नका, पंधरा दिवसांनी या आणि आहारतज्ज्ञांना भेटा, असं सांगितलं. यातलं 'हळूहळू' आणि 'पंधरा दिवसांनी' मी आणि शेजारी बसलेली माझी बायको सुनंदा, दोघांनीही ऐकलं नाही. आम्हाला फक्त 'कमी करा' ऐकू आलं.

जिना उतरताना सुनंदा म्हणाली, "उद्यापासून मीपण. तुम्ही एकट्याने कशाला सोसायचं?"

माझं वय तेव्हा एक्कावन्न, तिचं सत्तेचाळीस. आम्ही मूळचे यवतमाळकडचे, आता वीस वर्षं पुण्यात कर्वेनगरात राहतो. ती तिथल्याच एका शाळेत तिसरीच्या वर्गाला शिकवते. मी खराडीतल्या एका कंपनीत कर्मचाऱ्यांच्या बसगाड्यांचं वेळापत्रक सांभाळतो. मुलगी शिकायला बाहेरगावी. घरात दोघंच. तिला साखरेचा त्रास नव्हता. फक्त ब्लडप्रेशरची एक गोळी ती रोज घ्यायची. तिचं ते बोलणं ऐकून मला खूप बरं वाटलं होतं, हे खरं सांगतो.

दुसऱ्या दिवशी तिने तांदळाचा आणि ज्वारीचा डबा माळ्यावर टाकला. तिच्या शाळेतल्या कुणीतरी तिला मोबाइलवरच्या लो-कार्बच्या ग्रुपमध्ये घेतलं होतं. लो-कार्ब म्हणजे धान्य, साखर, कंद असे पिष्टमय पदार्थ अगदी कमी आणि त्याऐवजी अंडी, पनीर, दही, भाज्या. मला सकाळी दोन अंडी, दुपारी डब्यात पनीर आणि फरसबी. ती अंडी खात नाही. पनीर ती सगळं माझ्या डब्यात घालायची. तिच्या ताटात कोबी, काकडी आणि ताक. हे मी रोज पाहत होतो. त्याचा अर्थ काय, ते मनात आलं नाही.

पहिले चार दिवस मी पाळलं. पाचव्या दिवशी कंपनीच्या गेटसमोर वडापाव खाल्ला. मग दुसरा. तोंड धुतलं, बडीशेप खाल्ली आणि घरी जाऊन कोबी खाल्ला. सुनंदाने विचारलं, "जमतंय ना?" मी म्हणालो, "जमतंय."

त्यानंतर रोज तेच. कधी वडापाव, कधी पोहे, कधी कुणाच्या वाढदिवसाचा केक. मी आळशी किंवा हावरट म्हणून हे होत होतं, असं मला वाटत नाही. घरी सुटका नव्हती. ती उपाशी राहून माझ्यासमोर बसलेली असायची. तिच्यासमोर "मला नाही जमत" म्हणणार कसं? ती रागावली असती तर मी भांडलो असतो. पण ती रागावत नव्हती. ती सोबत करत होती, आणि त्या सोबतीतून बाहेर पडायला मला वाट सापडत नव्हती. लग्नाला जायचं टाळलं, पाहुण्यांना बोलवायचं थांबवलं. रविवारी दोघं टीव्हीसमोर शेंगदाणे मोजून खात बसायचो. बोलायला विषय एकच.

तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी केली. नऊ पॉइंट एक. सुनंदाने आमचं रोजचं जेवण कागदावर लिहून नेलं होतं. डॉक्टर चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "कागदावरचा आहार चांगला दिसतोय. तो खातंय कोण?" मी हसलो. सुनंदा हसली नाही. आहारतज्ज्ञांना भेटलात का, असं त्यांनी विचारलं. तिने "जाऊ या आठवड्यात" म्हटलं. आम्ही गेलो नाही.

घरी आल्यावर ती म्हणाली, "आपलंच कुठेतरी चुकतंय. अजून कडक करायला हवं."

तेव्हा बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. मी बोललो नाही, आणि तिने होती नव्हती ती डाळही बंद केली. फुटाणे बंद केले. ब्लडप्रेशरला वाईट म्हणून स्वतःच्या भाजीतलं मीठही काढलं. ग्रुपवर कुणी लिहिलं होतं म्हणून दिवसाला चार लिटर पाणी प्यायला लागली. भूक मारायला पाणी बरं, असं एकदा म्हणाली होती. तिचे ब्लाउज सैल झाले. उठताना ती भिंतीचा आधार घ्यायला लागली. मी विचारलं तर म्हणे, "सवय होईपर्यंत असंच असतं, ग्रुपवर सगळ्यांना झालंय."

एका मंगळवारी अकराच्या सुमारास तिच्या शाळेतून फोन आला. तिच्या शेजारच्या वर्गाच्या बाई बोलत होत्या. "अहो, सुनंदाताई हजेरी घेताना तीच तीन नावं परत परत घेत होत्या. मुलं हसायला लागली, आणि त्या खाली कोसळल्या. आम्ही शाळेजवळच्या हॉस्पिटलात नेतोय, तुम्ही या."

खराडीहून कर्वेनगर. रिक्षात बसलो आणि पहिल्याच पुलाजवळ अडकलो. पुढे बस, मागे टँकर, दोन्ही बाजूंना दुचाक्या. उतरून चालावं तर शहर ओलांडायचं होतं. सकाळचे दोन वडापाव पोटात होते. दीड तास लागला.

ती आयसीयूत होती. सोडियम एकशे अठरा. सोडियम म्हणजे रक्तातलं मीठ. ते एकशे पस्तीसच्या वर असायला हवं. ते असं उतरलं की त्याला हायपोनॅट्रेमिया म्हणतात. त्याने मेंदूला सूज येते, माणूस भ्रमिष्टासारखं वागतो, आकडी येऊ शकते.

मला पाच मिनिटं आत सोडलं. तिने मला ओळखलं नाही. नर्सचा हात धरून ती बोलत होती, आणि नर्सला काही कळत नव्हतं, कारण ती आमच्याकडचं वऱ्हाडी बोलत होती. लग्नानंतर इतक्या वर्षांत पुण्यात मी तिच्या तोंडून ते ऐकलं नव्हतं.

"माय वं, मले भूक लागली. भाकर दे नं."

नर्सने विचारलं, "काय म्हणतायत या?" मी सांगितलं. नर्स म्हणाली, "आत्ता तोंडाने काही देता येणार नाही."

बाहेर आयसीयूच्या डॉक्टर बाई माझ्याशी बोलायला आल्या. पस्तिशीच्या असतील. "घरी काय खाता?" त्यांनी विचारलं. मी पाठ केल्यासारखं सांगितलं. त्यांनी तिच्या पर्समधलं गोळ्यांचं पाकीट बघितलं.

"या बीपीच्या गोळीत लघवीवाटे मीठ आणि पाणी बाहेर काढणारं औषध मिसळलेलं आहे. पिष्टमय खाणं एकदम तोडलं की शरीर तसंही मीठ-पाणी टाकतं. त्यात यांनी मीठ सोडलं, जेवण सोडलं आणि वर पाणी पीत राहिल्या. आहार बदलला तेव्हा गोळीचं कुणाला विचारलंत?"

"नाही."

"आणि हे सगळं कुणासाठी? यांना तर डायबेटिस नाही."

"माझ्यासाठी," मी म्हणालो. मग त्यांनी न विचारताच सांगितलं, "आणि मी पाळत नव्हतो."

त्यांनी मला काही सुनावलं नाही. "सोडियम घाईने वाढवता येत नाही, मेंदूला इजा होते. दोन दिवस लागतील. बसा," एवढंच म्हणाल्या.

ते दोन दिवस मी त्या बाकावर काढले. दर काही तासांनी एक आकडा यायचा. एकशे वीस. एकशे तेवीस. सकाळी आणि संध्याकाळी पाच-पाच मिनिटं भेट. कुठे जायचं नव्हतं आणि काही करायचंही नव्हतं. मुलगी आली. तिने डबा आणला, मी उघडला नाही. ती म्हणाली, "बाबा, आता तुम्ही उपाशी राहून काय होणार?" मग मी जेवलो.

तिसऱ्या दिवशी सुनंदाने मला ओळखलं. "शाळेत कळवलं का?" हा तिचा पहिला प्रश्न. तिला वॉर्डात हलवलं त्या दुपारी मी सगळं सांगितलं.

"रोज?" तिने विचारलं.

"जवळजवळ रोज. पाचव्या दिवसापासून."

ती खिडकीकडे वळली. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी माझ्याशी बोलली नाही. नर्सशी बोलली, मुलीशी बोलली. डिस्चार्जच्या आदल्या दिवशी माझ्याकडे न बघताच म्हणाली, "मला वाटायचं, तुम्हाला भूक लागतच नाही. मीच हावरट आहे. शाळेत मुलांचे डबे उघडले की मी वर्गाबाहेर जाऊन उभी राहायचे. ते तुम्हाला कसं सांगायचं, याची लाज वाटायची."

म्हणजे एकाच घरात आम्ही दोघं एकमेकांपासून भूक लपवत होतो. मी खाऊन, ती न खाता.

याला आता दीड वर्ष झालं. तिची गोळी बदलली. आम्ही अखेर आहारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी दोन वेगळे कागद दिले आणि म्हणाल्या, "सोबत म्हणजे ताट सारखं असलं पाहिजे असं नाही." माझ्या जेवणात अर्धी भाकरी आहे, ती मोजलेली आहे. सुनंदाच्या ताटात जे हवं ते. सुरुवातीला ती माझ्यासमोर भात वाढून घ्यायला कचरायची, स्वयंपाकघरात उभ्याने खायची. मीच तिला बाहेर आणून बसवलं. मला त्रास होतो का? होतो. अजूनही कधीकधी जेवणाच्या टेबलावर कोंडल्यासारखं वाटतं. पण ते मी आता तिला सांगतो. ती म्हणते, "मग चला, चालून येऊ." आणि आम्ही चालायला जातो.

तुमच्या घरी कुणी असा आहार सुरू करत असेल, तर गोळ्यांचं आधी डॉक्टरांना विचारा, सोबत करणाऱ्याच्या गोळ्यांचंसुद्धा. आणि ज्याच्यासाठी सगळं घर पथ्य करतंय, त्याने आज काय खाल्लं ते खरं सांगावं. मला एवढंच कळलंय. आयसीयूच्या त्या डॉक्टर बाईंचे आभार मानायचे राहून गेले, ते इथे मानतो. त्यांनी मला झापलं असतं, तर मी स्वतःच्या बचावाला लागलो असतो.

माझा आकडा सातवर आला होता. मागच्या महिन्यात तो पुन्हा साडेसातवर गेला. रिपोर्ट घेऊन घरी आलो तेव्हा सुनंदा जेवायला बसली होती. ताटात वरण-भात, वर तूप. मी उभ्याउभ्याच सांगितलं, "वाढलीय. ऑफिसमध्ये तीनदा समोसा झाला, आणि पुतण्याच्या साखरपुड्याला दोन जिलब्या."

तिने माझ्याकडे पाहिलं. "बरं. डॉक्टरांकडे कधी जायचं?"

"शनिवारी."

"ठीक आहे," ती म्हणाली आणि पुढचा घास घेतला. माझं ऐकून तिने जेवण थांबवलं नाही. मी हात धुऊन तिच्यासमोर बसलो.