खिशातला बॉल

मर्व कुचेराला बार्जर्सची, म्हणजे आपल्याच शहराच्या बेसबॉल संघाची, चीड होती, आणि ती थंड पडू नये म्हणून तो घरच्या मैदानावरचा एकही सामना चुकवत नसे. शहराच्या बस डेपोत ब्रेक दुरुस्त करण्यात त्याची उमर गेली. निवृत्त झाल्यावर लोक मासे पकडतात, मर्व डाव्या कुंपणामागच्या बाकड्यांवर येऊन बसायचा आणि स्वतःच्याच संघाला शिव्या घालायचा. ह्यांना धड हरताही येत नाही, हे त्याचं लाडकं मत. मात्र हे बोलायचा हक्क फक्त त्याचा. पुतणीच्या लग्नात किनाऱ्याकडच्या एका पाहुण्याने बार्जर्सवर विनोद केला, तेव्हा मर्व केक न खाता उठला आणि बायको बाहेर येईपर्यंत गाडीत काचा वर करून बसून राहिला.

संघाचा मालकही असा की खेळाडू जरा पिकला की विकला. घेणारे बहुधा किनारेवालेच, म्हणजे समुद्राकाठचा तो गडगंज संघ. बाकड्यांवरच्या लोकांच्या हातात उरली होती एकच गोष्ट. पाहुण्या संघाचा होमरन, म्हणजे कुंपणापार मारलेला बॉल, ज्याच्या हातात पडेल त्याने तो बॉल तिथल्या तिथे मैदानात परत फेकायचा. तुमचं काही नको आम्हाला, असा त्याचा अर्थ. मैदानात काही फेकायला बंदी होती, पण रखवालदार तेवढ्यापुरता पाठ करून उभा राहायचा.

पण माणूस तो माणूस. काही जण घरून एक जुना बॉल खिशात घालून आणायचे, तोच फेकायचे आणि खरा दडपून नातवाला न्यायचे. असल्यांना पकडणं हे मर्वने स्वतःकडे घेतलेलं काम. बॉल हवेत असतानाच त्याला कळायचं. मग तो बाकावर चढून "खिसा! खिसा!" असं सुरू करायचा आणि सगळी बाकडी त्याच्यामागे पाय आपटायची. सख्ख्या मेव्हण्याला, वॉल्टला, त्याने असंच पकडलं होतं. वॉल्टला त्या दिवसापासून डेपोच्या कँटीनमध्येही लोक खिसा म्हणू लागले. तो अजून मर्वशेजारीच बसायचा, पण वाट बघत बसायचा.

त्या संध्याकाळी कोल्बी ट्रास्क किनारेवाल्यांकडून खेळायला आला.

ट्रास्क मूळचा इथलाच, म्हणजे बार्जर्सनेच मिसरूड फुटायच्या वयात आणलेला. त्याचा पहिलावहिला होमरन सीमेवरच्या पिवळ्या खांबाला घासून, त्याच्या रंगाचा पट्टा घेऊन थेट मर्वच्या मांडीवर येऊन पडला होता. पहिला बॉल खेळाडूला परत द्यायचा असतो. क्लबचा माणूस त्याच्या बदल्यात ट्रास्कची बॅट घेऊन वर आला, तर मर्व म्हणाला, बॅट राहू दे तुमच्याकडेच, तुमच्यातल्या कुणाला तरी लागेल. बॉल तो घरी घेऊन गेला. पुढची चार वर्षं तो पिवळ्या पट्ट्याचा बॉल त्याने बाकड्यांवरच्या प्रत्येकाला दाखवला, कुणाच्या हातात न देता. मग मालकाने ट्रास्कला विकलं. मर्वने जाहीर केलं की आपण पुलावर उभे राहून तो बॉल नदीत फेकला. बुडताना आवाज कसा आला, तेही सांगितलं.

फेकलाबिकला काही नव्हता. आज तो त्याच्या जाकिटाच्या उजव्या खिशात होता. ट्रास्क समोर लेफ्टला, म्हणजे डाव्या कुंपणापुढे, फिल्डिंगला येऊन उभा राहिला की त्याच्या पायाशी तो आपटायचा आणि नातं संपवायचं, असा बेत होता. सामन्याच्या नऊ इनिंगांपैकी पहिल्या इनिंगला मर्व म्हणाला, अजून गर्दी भरू दे. दुसऱ्या इनिंगला समोर कुणीतरी पिरोग्यांची, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडीच्या करंज्यांची, थाळी घेऊन उभा होता. पाचव्या इनिंगपर्यंत त्याचं ट्रास्कला त्याच्या केसांवरून, चालण्यावरून, आईवडिलांनी ठेवलेल्या नावावरून बोलून झालं, पण खिशातला हात काही बाहेर निघेना.

"दाजी, खिशात काय अंडं उबवताय का?" वॉल्टने विचारलं.

"तू तुझं बघ."

सहाव्या इनिंगला ट्रास्कने बॅट फिरवली. आवाजावरूनच सगळ्यांना कळलं. बॉल उंच गेला, दिव्यांपाशी दिसेनासा झाला आणि खाली आला तो सरळ मर्वकडे. मर्वने डाव्या हाताने तो छातीशी दाबून धरला. तळवा झणझणला. चारी बाजूंनी गलका उठला, फेक, फेक. तिकडे ट्रास्क आरामात मैदानाला फेरी मारत होता, स्वतःच्या घरच्या अंगणात असल्यासारखा. मर्वच्या डोक्यात सणक गेली. उजवा हात खिशातून निघाला आणि अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून त्याने फेकलं.

फेक झकास होती. लोक ओरडले. मर्वने विजेत्यासारखी मान वर केली, मग सहज डाव्या हाताकडे पाहिलं. पांढराशुभ्र बॉल तिथेच होता.

खाली बार्जर्सच्या लेफ्टवाल्याने गवतातून बॉल उचलला. तपकिरी पडलेला, त्यावर पिवळा पट्टा. त्याने तो बाकड्यांना दिसेल असा वर धरला, हसला आणि कुंपणाच्या पायथ्याशी टाकून दिला.

वॉल्टने आधी तो पट्टा बघितला, मग मर्वचा डावा हात. तो सावकाश, गुडघे सांभाळत बाकावर चढला. इतकी वर्षं वाट बघितलेला माणूस घाई करत नाही.

"नदीतून पोहत आला वाटतं," तो म्हणाला आणि मग सुरू झाला. "खिसा! खिसा!"

सगळी बाकडी पाय आपटू लागली. मर्वने ज्यांना ज्यांना पकडलं होतं ते तर उभे राहूनच आपटत होते. चुकून गेला, हात चुकला, असं मर्व सांगत होता. पण हे वाक्य त्याने स्वतः आजवर कुणाचं ऐकून घेतलं होतं? आता खरा बॉल फेकल्याशिवाय त्याला इथे तोंड दाखवता येणार नव्हतं. आणि तो हात उचलणार, तेवढ्यात किनारेवाल्यांची बॅटिंग संपली आणि ट्रास्क लेफ्टला आला. कुंपणापाशी वाकून त्याने तपकिरी बॉल उचलला. पट्ट्यावरून अंगठा फिरवला. मग वर पाहिलं.

"ए, माझाय तो!" मर्व ओरडला. "टाक वर."

ट्रास्क जवळ आला. "पहिला होमरन कुणाचा होता, मर्व?"

"गावाचा होता. तू गाव सोडलंस."

"मी सोडलं? मला विकलं रे. तू इथेच बसला होतास तेव्हा."

मागे पाय आपटणं चालूच होतं. मर्वने हातातला पांढरा बॉल दिला असता तर ट्रास्कने कदाचित तपकिरी परत केलाही असता. दोघांनाही ते कळत होतं. पण देवाणघेवाण केली, तर ती फेक नव्हे. मर्वने दात आवळले आणि पांढरा बॉल ट्रास्कच्या डोक्यावरून लांब मैदानात भिरकावला. खांद्यात कळ आली. कुठेतरी गवतात तो पडला आणि अंपायरने चिडून हात हलवले.

पाय आपटणं थांबलं. वॉल्ट बाकावरून उतरला, जरासा हिरमुसला. त्याचा मोसम दोन मिनिटांतच संपला होता.

ट्रास्कने तपकिरी बॉल पँटच्या मागच्या खिशात घातला आणि आपल्या जागेकडे निघाला.

"चोर साला!" मर्व कुंपणावर वाकून ओरडला. "लाकडाचे पाय आहेत तुझे, लाकडाचे! आमच्याकडे होतास तेव्हाही हेच सांगत होतो!"

"सांगत होतास," ट्रास्क मागे न बघता म्हणाला. "रोज."

बार्जर्स तो सामना हरले. अंपायरच्या सांगण्यावरून रखवालदार मर्वला बाहेर काढायला वर आला. वॉल्टने आपली उरलेली पिरोगी त्याच्यापुढे धरली. मर्वने ती घेतली, थंड झालीय म्हणून त्यालाच बोल लावला आणि खात खात जिना उतरला. उजवा हात मोकळ्या खिशातच होता.