साडूंच्या नाक्यावर बंगारू

सोलापूर शहरात जन्मास आलेल्या यच्चयावत इसमांत आमच्या थोरल्या साडूंइतका संशयी मनुष्य झाला नाही, आणि त्यांच्याइतका शब्दाचा पक्का मनुष्यही झाला नाही, हे मी पूर्ण शुद्धीवर व कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. कचेरीसमोरच्या लिंबाखाली सतरंजी टाकून लोकांचे अर्ज लिहिण्यात माझी निम्मी उमर गेली. माझे शिक्षण मराठी पाचवीतच आटोपले हे खरे. तथापि माझ्या मसुद्यातील एक शब्द इकडचा तिकडे करण्याची हिंमत पदवीधर वकिलासही होत नाही. असा माणूस जेव्हा एखाद्याविषयी विधान करतो, तेव्हा ते तोलून केलेले असते, एवढे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

साडूंची सारी नोकरी शहराच्या वेशीवरील जकात नाक्यावर झाली. कडब्याच्या गाडीत कोपरापर्यंत हात खुपसून आत दडविलेला तुपाचा डबा बाहेर काढावा तो त्यांनीच. पुढे पेन्शन झाले, डोक्याचा रुमाल खुंटीला गेला, परंतु नाका काही त्यांच्या अंगातून उतरला नाही. घरी पाहुणा आला की 'या, बसा' म्हणण्याआधी त्यांची नजर त्याच्या गाठोड्यावर जाई. आमचे सासरे एका दिवाळीस अक्कलकोटाहून आले, तेव्हा साडूंनी त्यांस नमस्कार केला, आणि वाकल्या वाकल्याच विचारले, "मामा, ह्यात काय हाय?" करंज्या आहेत असे उत्तर मिळताच त्यांनी एक करंजी फोडून आतील सारण पाहिले व मगच सासऱ्यांना पाय धुण्यास पाणी दिले. कोणतीही वस्तू हाती आली की ती किंचित वरखाली करून वजन अजमावण्याची त्यांस सवय. माझा धाकटा मुलगा बारशाच्या दिवशी त्यांच्या हाती दिला, तर आशीर्वादाऐवजी त्यांनी "माल भरपूर हाय" असा शेरा दिला.

मात्र एखादी वस्तू त्यांच्या हवाली केली, की ती जशीच्या तशी परत मिळाली म्हणून समजावे. एका स्नेह्याने त्यांच्यापाशी आपली नवी छत्री ठेविली होती. ती परत करण्यास साडू निघाले असता वाटेत पावसाने गाठले. ही छत्री भिजू नये म्हणून त्यांनी ती सदऱ्याच्या आत धरली आणि स्वतः नखशिखान्त भिजून स्नेह्याच्या दारी पोहोचले. स्नेही हसला. साडूंना त्यात हसण्यासारखे काय आहे ते अखेरपर्यंत कळले नाही.

अशा माणसाच्या पदरात श्रावणाच्या सुरुवातीस एक मांजर पडले. साडूंच्या भिंतीला भिंत लागून नरसम्मा नावाची तेलुगू विणकर बाई राहत असे. तिच्या मुलीचे बाळंतपण तिकडे तेलंगणात निघाले. माग भाच्याच्या ताब्यात देऊन ती निघाली खरी, पण तिचा पाय बंगारूपाशी अडला. बंगारू म्हणजे सोने. आणि बोका होताही तसाच पिवळाजर्द.

"आप्पा, माग भाचा बघतो, याला कोन बघनार?" ती म्हणाली. "मी येते तोवर तुमी ठेवा की."

साडूंनी बोका दोन्ही हातांत घेऊन वरखाली केला. "जसा घेतला तसा परत देईन. बिनघोर जा."

नरसम्मा गेली. बोका काय खातो हे ती सांगून गेली नव्हती, आणि साडूंनाही विचारावेसे वाटले नव्हते. आमची घरे लिंगधारी. तेथे अंड्याचे नावदेखील हलक्या आवाजात घेतात. तेव्हा घरातील माणूस जे खाते तेच बंगारूच्या पुढे आले. सकाळी साखर घातलेले दूध, दुपारी दूधभात, सणावारी हुग्गी म्हणजे गव्हाची गुळातली खीर, आणि एरवी गुळाची शेंगापोळी दुधात कुस्करून. श्रावणी सोमवारी साडूंचा उपवास असे, म्हणून बंगारूसही भगर आणि गूळ घालून शिजविलेले रताळे मिळू लागले. पहिले काही दिवस तो ताटलीभोवती फिरून साडूंच्या तोंडाकडे पाही. पुढे भुकेने म्हणा वा संगतीने म्हणा, खाऊ लागला. गल्लीत त्याची ख्याती झाली. "सोमवार करनारं मांजर बघायला आलो," म्हणून बायका येत, आणि येताना काहीतरी गोड आणीत. बंगारू लोडासारखा फुगला. साडू त्यास उचलून म्हणत, "घेतला त्यापेक्षा जास्तीच भरतोय. नरसम्माचा फायदाच हाय."

दसरा झाला, आणि हा फायदा ओसरू लागला. बोका खाई पुष्कळ, पण पाठीचा कणा दिसू लागला. पाणी तर तो असे पिई की साडूंची बायको, म्हणजे माझी मेव्हणी, जिला आम्ही सारे अक्का म्हणतो, ती म्हणाली, "मांजर हाय का रांजन?" त्याचे मागले पाय लटपटू लागले, ओट्यावर उडी मारावयाचा तो ओट्यापाशी येऊन नुसता बसून राही.

याच सुमारास साडूंना परड्यात मुंग्यांची रांग दिसली. मुंग्या आहेत त्या अर्थी गूळ आहे, आणि गूळ आहे त्या अर्थी कोणीतरी तो चोरून आणला आहे, असा त्यांचा निष्कर्ष. मी सहज म्हणून गेलो, तर साडू धोतर खोचून, दोन्ही हात जमिनीला टेकून मुंग्यांच्या मागोमाग चालले होते. "अण्णा, आवाज करू नका. मालापर्यंत आलोय," ते कुजबुजले. रांग तुळशीला वळसा घालून, चुलीच्या राखेच्या ढिगाऱ्यात शिरली. त्या राखेत बंगारू लघवीस जात असे.

माझे सख्खे मामा याच दुखण्याने गेले होते, त्यांच्याही लघवीला मुंग्या लागत; त्यामुळे मी तत्काळ सांगितले, "आप्पा, हा मधुमेह."

"मांजराला?" साडू ताडकन उभे राहिले. "हा वकील-सावकारांचा रोग की हो!"

गुरांच्या डॉक्टरांनी बैलाखेरीज काही तपासण्यास नकार दिला. तेव्हा आम्ही बंगारूस दुरडीत घालून पेठेतील एका तरुण डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी लघवी एका निळ्या औषधात उकळविली. निळा रंग पाहता पाहता विटेसारखा तांबडा झाला, म्हणजे लघवीत साखर भरपूर.

"ह्याला खायला काय घालता?" त्यांनी विचारले.

साडूंनी अभिमानाने सारे सांगितले. हुग्गीपर्यंत डॉक्टर गंभीर होते. सोमवारच्या रताळ्यापाशी त्यांनी तोंडाला रुमाल लावला.

"आप्पा, मांजर म्हणजे वाघाची जात. तुम्ही त्याला गुरवाचा नैवेद्य चारलात. आता गोड बंद, भात बंद, पोळी बंद. नुसतं मटण. आणि हल्ली इन्सुलिन म्हणून औषध निघालंय, त्याची सुई सकाळ-संध्याकाळ. मात्र कधी झिंगल्यासारखा करून पडला, तर वेळ न घालवता गुळाचं पाणी पाजायचं. नाहीतर हातचा जाईल."

परतताना साडू सिद्धेश्वराच्या तळ्याच्या पायरीवर बसले. दुरडी मांडीवर. मग म्हणाले, "आजवर या हातानं मटनाला शिवलो न्हाय. पन शब्द बी याच हातानं दिलाय. अण्णा, देवाला एक अर्ज करून द्या."

कागद जवळ नव्हता, तरी मी उभा राहिलो आणि देवळाकडे तोंड करून अर्ज तोंडीच दिला: "अर्जदार सदरहू पदार्थ स्वतः भक्षण करणार नसून, परक्याची ठेव राखण्याकामी त्यास हात लावणे भाग पडत आहे, सबब अर्जदाराचा दोष मनात आणू नये, ही विनंती." साडूंनी हात जोडले. माझ्या आयुष्यात मी इतका आटोपशीर मसुदा क्वचितच केला असेल.

आता ज्या माणसाने उभ्या जन्मात चोरटा माल पकडला, त्याच्यावर तो स्वतःच्या घरात आणण्याची पाळी आली. मटण पळसाच्या पानात, पान मेथीच्या जुडीत, जुडी पिशवीत, अशी त्यांची तजवीज. अक्का दारातच उभी होती. तिने पिशवी घेतली, किंचित वरखाली केली, आणि थेट जुडीत हात घातला.

"नाक्यावाल्याचा संसार केलाय मी," ती म्हणाली. "मेथी इतकी जड कवा असती?"

साडूंनी मान खाली घालून डॉक्टरांचे सारे म्हणणे सांगितले. अक्काने दुरडीत डोकावून पाहिले. बंगारू डोळे मिटून पडला होता.

"मला मटनाचा राग न्हाय. लपवून आनलं त्याचा हाय," ती म्हणाली. "उंबऱ्याच्या आत येऊ द्यायचं न्हाय. परड्यात तीन दगड मांडा, खापरात शिजवा, आन् मग आंघोळ करून घरात या."

त्या दिवसापासून साडू नाकाला उपरणे बांधून परड्यात मटण शिजवू लागले. पहिल्या दिवशी खापर पुढे येताच बंगारूने साडूंकडे जो कटाक्ष टाकला, त्याचा अर्थ मला स्पष्ट कळला: इतके दिवस कोठे होता? सुईचे काम मात्र अवघड गेले. मानेची सैल कातडी चिमटीत धरून टोचावयाचे, असे डॉक्टरांनी शिकविले होते. पहिली सुई साडूंनी स्वतःच्याच अंगठ्यात मारली. दुसऱ्या वेळी मी पाय धरले, तो बंगारूने माझ्या उजव्या हातावर, ज्याच्या अक्षराला सारी कचेरी मान देते त्या हातावर, ओरखडा काढला. पुढे मात्र साडूंचा हात असा बसला की बोका सुई टोचून घेता घेता घुरघुरत असे.

गोडधोडाच्या बंदोबस्तासाठी साडूंनी दारात पाट टाकून बाकायदा नाका उघडला. हळदीकुंकवास येणाऱ्या बायकांनाही "ओटीत काय हाय?" असे विचारण्यास ते चुकत नसत. समोरची म्हातारी चिडून म्हणाली, "प्रसादाचा पेढा हाय, आप्पा! देवाच्या पेढ्यावर बी जकात?" साडू शांतपणे उत्तरले, "देवाचा असू दे, न्हायतर कुनाचा. हितनं पुढं जानार न्हाय."

संक्रांत आली. नरसम्मा सिद्धेश्वराच्या यात्रेनंतर परतणार असा निरोप होता, आणि बंगारू तर आता ओट्यावर उड्या मारीत होता. सारी गल्ली तिळगूळ घेऊन फिरत होती. साडू दारात पाटावर. मी आणि अक्का ओट्यावर. अक्का गूळ किसत होती. सकाळची सुई झाली होती. एकाएकी बंगारू ओट्यावरून खाली घसरला, दारुड्यासारखी चार पावले टाकून कोलमडला, आणि त्याचे पाय थरथरू लागले.

"गूळ!" मी ओरडलो. "डॉक्टर काय म्हणाले होते? गूळ!"

साडूंना सारे ठाऊक होते, परंतु इतके महिने ज्याला अडविले त्याच गुळाचे नाव ऐकून ते नुसतेच उभे राहिले. अक्काने किसलेला गूळ वाटीत कालवला आणि बंगारूचे डोके मांडीवर घेतले.

"सरका बाजूला," ती म्हणाली. "ह्या मालावर जकात न्हाय."

थेंबाथेंबाने वाटी निम्मी झाली. साडू जमिनीवर बसून एकच घोकत होते, "परत द्यायचाय. परत द्यायचाय रे." शेवटी बंगारूने जीभ बाहेर काढली, अक्काचे बोट चाटले, आणि मान वर करून साऱ्यांकडे नापसंतीने पाहिले.

धावतच डॉक्टरांकडे गेलो. आमची हकिकत ऐकून ते म्हणाले, "ह्याचं शरीर आता आपल्या पायावर उभं राहिलंय, सुई जास्त होऊ लागली. सुई बंद." काही दिवसांनी पुन्हा लघवी उकळविली. आम्ही दोघे त्या नळीकडे श्वास रोखून पाहत होतो. निळे औषध निळेच राहिले.

त्या दिवशी साडू बंगारूला खांद्यावर घेऊन भर बाजारातून घरी आले. खाटीक दुकानातून ओरडला, "क्या आप्पा, बिल्ली को शेर बना दिये ना!" आणि साडूंनी, ज्यांनी आजवर त्या दुकानाकडे तोंड वळवून पाहिले नव्हते, रस्त्यात थांबून त्यास रामराम केला. गल्लीतल्या बायका दारांत येऊन उभ्या राहिल्या. पेढेवाल्या म्हातारीनेही बोक्यावरून हात ओवाळून कानशिलावर बोटे मोडली. मी माझ्यापुरते सांगतो, मोठमोठ्या दाव्यांत माझ्या अर्जांनी यश मिळविले आहे, पण अशी छाती कधी भरून आली नव्हती.

यात्रा उठली आणि नरसम्मा आली. साडूंनी बोका तिच्या हाती दिला. तिने त्याला कुरवाळले, पाठीवरून हात फिरविला.

"चांगला ठेवला, आप्पा."

साडूंनी घसा साफ केला. मी पुढे होऊन सारी हकिकत क्रमवार मांडणार होतो, तो त्यांनी माझा दंड दाबला. एवढेच म्हणाले, "बाई, एक ध्यानात ठेवा. ह्याला गोड घालू नका. गूळ, पोळी, हुग्गी, काही न्हाय."

नरसम्मा त्यांच्याकडे पाहतच राहिली. "अय्यो आप्पा! मांजराला हुग्गी कोन घालतंय?"

अक्का पदर तोंडाला लावून आत गेली. बंगारू नरसम्माच्या खांद्यावरून एकदाही मागे न पाहता भिंतीपलीकडे गेला.

संध्याकाळी मी तिथेच होतो. दिवेलागण झाली तसे, बंगारूच्या खापराची वेळ म्हणून, साडू सवयीने उठले, हात धुतले, धोतराला पुसले, आणि ओल्या हातांनी पुन्हा पाटावर बसले. पलीकडून बोक्याचा आवाज आला.

"हाक मारतोय का हो?" अक्काने आतून विचारले.

साडूंनी कान देऊन ऐकले. "न्हाय," ते म्हणाले. "जेवलाय तो. पोट भरलं की असाच बोलतो."